बुटके सिक्लिड: रंग सगळ्यात शेवटी निवडा

"निळा, सोनेरी आणि काळा असे तीन रॅम आणले. आठवडाभरात दोन गेले, तिसरा हीटरच्या मागे उभा असतो. काय चुकलं?" थोड्याफार फरकाने हाच प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारला जातो. रॅम हा टँकमध्ये पाळला जाणारा एक लहान, म्हणजे बुटका, सिक्लिड मासा. चूकही बहुतेक वेळा एकच निघते. मासे रंग बघून घेतलेले असतात, पाणी नंतर मोजलेलं असतं, आणि स्वभावाचा विचार मारामारी सुरू झाल्यावर होतो. क्रम उलटा हवा: आधी तुमचं पाणी, मग त्या पाण्यात टिकेल ती जात, मग तिचा स्वभाव, मग नर-मादी, आणि रंगाचा प्रकार त्यानंतर. खालचे टप्पे साधारण त्याच क्रमाने आहेत. मधला एखादा गाळलात तर बहुधा परत तिथेच यावं लागेल.

१. टँक रिकामा असतानाच पाणी मोजा

नळाचं पाणी बादलीत एक रात्र उघडं ठेवा आणि मग पीएच (आम्लता), जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि केएच (कार्बोनेटचा जडपणा, जो पीएच धरून ठेवतो) मोजा. ताज्या पाण्यात विरघळलेल्या वायूंमुळे पीएच वेगळा दिसतो, म्हणून हा एक रात्रीचा थांबा.

पीएच ६.८ च्या खाली आणि क्षार कमी असतील, तर निळा रॅम, अगासिझी अपिस्टो (अपिस्टो म्हणजे अपिस्टोग्रामा वंशातले मासे), चेकरबोर्ड सिक्लिड हे मासे विचारात घ्या. पीएच ६.५ ते ७.५ च्या दरम्यान आणि क्षार मध्यम असतील, तर कॉकाटू अपिस्टो, बोरेली अपिस्टो, बोलिव्हियन रॅम, क्रिबेन्सिस आणि नॅनाकारा. पीएच ८ च्या वर आणि पाणी चांगलंच जड असेल, तर दक्षिण अमेरिकेतल्या माशांचा हट्ट सोडा आणि आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातल्या शंखात राहणाऱ्या माशांकडे वळा. मल्टिफॅसिएटस हा त्यातला सगळ्यात सोपा. चार-पाच सेंटीमीटरचा मासा, पण रुबाब फूटभर माशाचा.

तापमानही याच वेळी ठरवा. निळा रॅम मूळचा व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको खोऱ्यातल्या गरम, उथळ पाण्याचा. त्याला २७ ते ३० अंश लागतात. बोरेली दक्षिणेकडच्या पाराग्वे नदीच्या खोऱ्यातला, तो २२ ते २५ अंशांत खूश. दोघेही "शांत बुटके सिक्लिड" म्हणून ओळखले जातात, पण एका टँकमध्ये ठेवलेत तर दोघांपैकी एक कायम त्रासात राहणार.

सावधान: पीएच खाली आणणारे थेंब वापरू नका. केएच जास्त असेल तर पीएच दोन दिवसांत पुन्हा वर जातो, आणि या झोक्यानेच मासे मरतात. पाणी मऊ करायचं असेल तर आरओचं पाणी नळाच्या पाण्यात ठरलेल्या प्रमाणात मिसळा आणि दर वेळी तेच प्रमाण ठेवा.

२. टँक तयार करा आणि पिकू द्या

बुटक्या सिक्लिडना उंची नको, तळ हवा. एका जोडीला किमान ६० × ३० सेंटीमीटरचा तळ लागतो. एक नर आणि दोन-तीन मादी ठेवायच्या असतील तर लांबी ८० ते १०० सेंटीमीटर हवी. उंच, अरुंद शोभेच्या टँकमध्ये पाणी तेवढंच मावतं, पण भांडण दुप्पट होतं.

तळाला बारीक वाळू घाला. हे मासे वाळू तोंडात घेतात, चाळतात आणि कल्ल्यांतून बाहेर सोडतात. धारदार खडीने तोंड आणि कल्ले सोलवटतात. वाळू गडद रंगाची असावी, कारण पांढऱ्या तळावर मासा अंगाचा रंग फिका करतो. मग लोक रंग वाढवणारं खाद्य शोधत बसतात.

गुहा मादींच्या संख्येपेक्षा एकने जास्त ठेवा. नारळाची करवंटी किंवा छोटी मातीची कुंडी चालते. अपिस्टोसाठी गुहेचं तोंड मादी जेमतेम आत जाईल एवढंच ठेवा. नराला आत शिरता येत नसेल, तर मादी निर्धास्त बसते. रॅमला गुहेऐवजी सपाट दगड हवा, क्रिबेन्सिसला मात्र गुहाच. तळावर जंगली बदामाची वाळलेली पानं टाका. त्यांनी पाणी थोडं तांबूस होतं, पिल्लांना लपायला जागा मिळते आणि मोठ्या माशांची नजर अडते.

तपासा: टँकसमोर जमिनीवर बसा आणि डोळे वाळूच्या पातळीवर आणा. डावीकडच्या काचेपासून उजवीकडच्या काचेपर्यंत सरळ दिसत असेल, तर नरालाही दिसतं. मध्ये लाकूड, दगड किंवा दाट झाडं घालून ती रेषा दोन ठिकाणी तोडा.

आता टँक सायकल होऊ द्या, म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट पचवणारे जिवाणू त्यात वाढू द्या. अमोनियाचा स्रोत घालून साधारण चार ते सहा आठवडे लागतात. लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया घातल्यावर २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले, की टँक तयार समजा. रॅमसाठी मी आणखी दीड-दोन महिने थांबतो आणि तेवढ्यात दुसरे कणखर मासे ठेवतो. हे अति वाटेल. पण नव्या टँकमध्ये घातलेले रॅम पहिल्या महिन्यात जातात, ही तक्रार मला सगळ्यात जास्त ऐकू येते.

३. स्वभाव कुटुंबाच्या पद्धतीवरून ओळखा

"शांत" आणि "भांडखोर" असे शिक्के इथे कामाचे नाहीत. हे मासे अंडी कशी घालतात आणि पिल्लांची राखण कोण करतं, यावर त्यांचा स्वभाव ठरतो.

रॅम आणि बोलिव्हियन रॅम जोडीने राहतात. दोघे मिळून दगडावर अंडी घालतात आणि दोघेही राखतात. रॅम सौम्य असतो. त्याची धाव हातभर अंतरापर्यंतच, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या रॅमवर. बोलिव्हियन थोडा मोठा, सात-आठ सेंटीमीटरचा, अधिक कणखर आणि पाण्याबाबत बराच सोशिक. पहिल्यांदा बुटके सिक्लिड पाळणाऱ्याला मी निळ्या रॅमऐवजी हाच सुचवतो. तो निळा नाही म्हणून लोक नाक मुरडतात, हा भाग वेगळा.

क्रिबेन्सिसही जोडीनेच राहतो, पण त्याच्याबाबत गाफील राहू नका. तीन-चार महिने तो कोणाच्या वाटेला जात नाही. मग एक दिवस मादीचं पोट जांभळट लाल होतं, ती नरासमोर अंग वाकवून थरथरते, दोघे गुहेत जातात आणि दुसऱ्या दिवशी ६० सेंटीमीटरच्या टँकमधले बाकीचे सगळे मासे एका वरच्या कोपऱ्यात गोळा झालेले दिसतात. लहान टँकमध्ये क्रिबची जोडी एकटीच ठेवावी.

कॉकाटू आणि अगासिझी अपिस्टोंमध्ये एका नराच्या हद्दीत अनेक मादी असतात. प्रत्येक मादीची स्वतःची गुहा आणि स्वतःची हद्द. नर बाहेरची राखण करतो, पिल्लांचं सगळं मादी बघते. दोन मादींना मिळून एकच गुहा असेल, तर एक मादी मरेपर्यंत मार खाते. दोष नराला दिला जातो.

नॅनाकारामध्ये सत्ता मादीकडे असते. नराच्या जेमतेम निम्म्या आकाराची मादी अंडी घातल्यावर त्याला टँकभर पिटाळते. नराला दुसऱ्या टोकाला लपायला जागा नसेल, तर त्याला बाहेर काढायची तयारी ठेवा.

मल्टिफॅसिएटस वसाहत करून राहतात. त्यांना रिकामे शंख भरपूर द्या, माशांच्या संख्येच्या दुप्पट तरी. वाळू उपसून ते टँकचा नकाशा स्वतःच बदलतात, त्यामुळे दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवा.

सावधान: "सगळे बुटके सिक्लिड" असा टँक ६० किंवा ८० सेंटीमीटरमध्ये करू नका. तळावर हद्द मांडणारी एकच जात ठेवा.

४. आता रंग, आणि नावांचा अर्थ

रंगाचा प्रकार म्हणजे वेगळी जात नव्हे. निळा, सोनेरी, इलेक्ट्रिक ब्लू, काळा आणि लांब पराचा हे सगळे एकाच जातीचे रॅम आहेत. आपल्याला ते वेगवेगळे मासे दिसतात, त्यांना मात्र समोर प्रतिस्पर्धीच दिसतात. सुरुवातीच्या प्रश्नातला घोटाळा हाच. "जर्मन ब्लू" हे नाव पैदाशीचं आहे, त्याचा मूळ ठिकाणाशी संबंध नाही.

इलेक्ट्रिक ब्लू आणि सोनेरी रॅमच्या अंगावर काळ्या खुणा जवळजवळ नसतात. डोळ्यावरून जाणारा काळा पट्टा आणि कुशीवरचा काळा ठिपका हे साध्या रॅमचं बोलणं असतं. घाबरला, चिडला, अंड्यांवर आला की या खुणा गडद-फिक्या होतात. त्या नसल्या की नर-मादी ओळखणं आणि बिघडलेली तब्येत वेळेवर कळणं, दोन्ही कठीण जातं. म्हणून पहिली जोडी साध्या निळ्याची घ्या. बलून रॅमचा गोल आकार पाठीचा कणा आखूड झाल्यामुळे आलेला असतो. तो भांडणात पळू शकत नाही. मी तो घेत नाही.

कॉकाटू अपिस्टोमध्ये "डबल रेड" म्हणजे दोन परांवर लाल, "ट्रिपल रेड" म्हणजे शेपटी, पाठ आणि पोटामागचा पर, तिन्हींवर लाल. "ऑरेंज फ्लॅश"मध्ये नारिंगी जास्त. अगासिझीचे "फायर रेड" आणि "डबल रेड", बोरेलीचा "ओपल", क्रिबचे "सुपर रेड" आणि अल्बिनो हेही निवडून तयार केलेले प्रकार. हा सगळा थाट नराचा असतो, क्रिबचा अपवाद सोडला तर. ट्रिपल रेडची मादी साधी पिवळट-करडीच असते. तिला "कमी प्रतीची" समजून लोक घेत नाहीत आणि चार नर घरी आणतात.

सावधान: जवळच्या अपिस्टो जातींच्या मादी हुबेहूब सारख्या दिसतात. मॅकमास्टेरी आणि विएहिता एकत्र ठेवल्या, तर कोणती मादी कोणाची हे नंतर तुम्हालाच सांगता येणार नाही, आणि पिल्लं संकरित होतील.

५. मासा समोर असताना काय बघायचं

घाई करू नका, पंधरा मिनिटं टँकसमोर उभे राहा. मासा खाताना दाखवा म्हणा. पोट आत गेलेलं नको, श्वास जलद नको, विष्ठा पांढरी दोरीसारखी नको आणि गुदद्वारातून लाल केसांसारखं काही बाहेर आलेलं नको. यातलं काही टँकमधल्या एका जरी माशात दिसलं, तर त्या टँकमधला कुठलाच मासा घेऊ नका.

तीन सेंटीमीटरचे पिटुकले रॅम सगळेच्या सगळे झगमगीत दिसत असतील, तर संशय घ्या. या वयात एवढा रंग संप्रेरकं देऊन आणतात. असे मासे काही आठवड्यांत फिके पडतात आणि अनेकदा त्यांना पिल्लंच होत नाहीत. थोडे फिके, पण वाळू उकरत फिरणारे मासे जास्त भरवशाचे.

नर-मादी: रॅमच्या मादीचं पोट गुलाबी असतं आणि कुशीवरच्या काळ्या ठिपक्यात निळे कण चमकतात. पाठीच्या पराचे पुढचे काटे लांब म्हणजे नर, हा नियम पैदाशीच्या माशांत फसवतो. क्रिबची मादी आखूड आणि गोलसर असते, नराच्या पाठीचा आणि पोटामागचा पर टोकदार असतो. कॉकाटूच्या मादीच्या पोटाखालच्या परांची पुढची कड काळी असते.

या शेवटच्या खुणेवर मीही फसलो आहे. एक नर आणि तीन मादी म्हणून आणलेल्या कॉकाटूंपैकी एक "मादी" दोन महिन्यांनी हळूहळू लांब झाली आणि तिच्या शेपटीत लाल ठिपके उमटले. दबलेला तरुण नर मादीसारखा दिसून मोठ्या नराच्या हद्दीत सुखाने राहतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. शक्य असेल तर सहा तरुण मासे घ्या, जोड्या त्यांनाच ठरवू द्या आणि जास्तीचे परत द्यायची सोय आधीच करून ठेवा.

६. चार आठवडे वेगळा टँक

नवे मासे आधी वेगळ्या टँकमध्ये ठेवून बघा. त्यात स्पंज फिल्टर, हीटर, एक कुंडी आणि थोडी पानं, एवढं पुरे. पिशवीतला प्रवास तास-दोन तासांचा असेल, तर बारीक नळीने थेंबथेंब पाणी सोडत तासभर घ्या. प्रवास दिवसभराचा असेल तर मात्र हे करू नका. बंद पिशवीत अमोनिया साठतो, पण पीएच उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडून ताजं पाणी घातलं की पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी फक्त तापमान जुळवा, मासा जाळीने उचलून आपल्या पाण्यात सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. वेगळ्या टँकमधलं पाणी आधीच विक्रेत्याच्या पाण्याच्या जवळ आणून ठेवलं असेल, तर हे निर्धास्तपणे करता येतं.

तपासा: पांढरी दोरीसारखी विष्ठा आणि खाणं सोडणं एकत्र दिसलं, तर आतड्यातले परजीवी. त्यासाठी खाद्यातून मेट्रोनिडाझोल देतात. लाल जंत दिसले तर लेव्हामिसोल. मासा निरोगी दिसत असेल, तर "असू दे म्हणून" औषध घालू नका.

७. मुख्य टँकमध्ये सोडण्याचा क्रम

आधी वरच्या थरात फिरणारे लहान मासे सोडा. पेन्सिल फिश किंवा लहान टेट्रा, आठ-दहांचा थवा. ते निर्धास्त फिरताना दिसले की सिक्लिडही बाहेर येतात. रॅमबरोबर कार्डिनल टेट्रा चालतो. निऑन टेट्राला एवढी उष्णता मानवत नाही. कोरीडोरास हे छोटे कॅटफिश तळावर फिरतात आणि त्यांना हद्द कळत नाही. सिक्लिडने हाकललं तरी ते तिथेच परत जातात आणि डोळे गमावतात. मोठ्या टँकमध्ये ठेवायचेच असतील, तर त्यांच्यातला उष्णता सोसणारा स्टर्बाय ठेवा.

दोन आठवड्यांनी आधी मादी सोडा. त्यांनी गुहा वाटून घेतल्या, की तीन-चार दिवसांनी नर. सोडताना दिवा बंद ठेवा. टँकमध्ये त्याच जातीचा जुना मासा असेल, तर आधी दगड-लाकूड हलवून मांडणी बदला. सगळेच नवखे झाले की कोणाचीच जुनी हद्द उरत नाही.

८. पहिले तीन आठवडे: रंग वाचा

अपिस्टोच्या अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत आडवा काळा पट्टा गडद दिसत राहिला, तर तो घाबरलेला आहे. उभे पट्टे आणि ताठ पर दिसले, तर भांडणाची तयारी. मादी लिंबासारखी पिवळी आणि खुणा काळ्याभोर झाल्या, तर अंडी आहेत. गुहेत टॉर्च मारून बघू नका.

माझ्या एका टँकमध्ये अशीच पिवळी झालेली मादी गुहेच्या तोंडाशी होती. नर दिसेना. शोधला तेव्हा तो हीटर आणि काच यांच्या फटीत, शेपूट खाली करून पाण्याच्या पृष्ठभागाजवळ उभा होता. शेपटीचा खालचा निम्मा पर नव्हता. खाद्य टाकलं तर त्याने डोळे फिरवले, पण जागा सोडली नाही.

हा फरक लक्षात ठेवा. पाठलाग थोड्या अंतरात थांबत असेल आणि हाकललेला मासा लगेच खायला येत असेल, तर ते रोजचंच. पर फाटलेले, मासा वरच्या कोपऱ्यात आणि खायला येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी मार खाणाऱ्याला बाहेर काढा. मारणारी अंड्यांवरची मादी असेल, तर तिला हलवू नका, अंडी जातील.

९. खाद्य, थोडक्यात

ताजे उबवलेले आर्टेमिया, गोठवलेले डाफ्निया आणि सायक्लॉप्स असे पाण्यातले बारीक जीव, सोबत बुडणारे बारीक दाणे. ब्लडवर्म (लाल अळ्या) आठवड्यातून एक-दोनदाच. अस्टाझँथिन हे लाल रंगद्रव्य असलेल्या खाद्याने लाल आणि नारिंगी खुलतो. निळा खुलत नाही, कारण तो रंगद्रव्याचा नसून खवल्यांखालच्या पेशींत प्रकाश परावर्तित होऊन दिसतो. निळा फिका वाटत असेल, तर पाणी आणि तळ तपासा.

१०. पिल्लं झालीच तर

पहिल्या एक-दोन खेपांना आईबाप अंडी खातात. ती शिकण्याची वेळ असते, अंडी काढून घेऊ नका. रॅमची अंडी दोन-तीन दिवसांत फुटतात आणि त्यानंतर सुमारे पाच दिवसांनी पिल्लं पोहू लागतात. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा. दर आठवड्याला दोन-तीनदा थोडं थोडं पाणी बदला, तापमान जुळवूनच.

अपिस्टोमध्ये पिल्लाचं लिंग पहिल्या महिन्याभरातल्या तापमानावर बरंच अवलंबून असतं. २९-३० अंशांवर बहुतेक नर होतात, २३ च्या आसपास मादी जास्त. दोन्ही हवे असतील तर २६ वर ठेवा. क्रिबेन्सिसमध्ये पीएचचाही असर होतो, आम्लधर्मी पाण्यात नर वाढतात. "सगळेच नर निघाले" ही तक्रार नशिबाची नसून बहुधा हीटरची असते.

आणि रंगावरून छाटणी चार-पाच महिन्यांच्या आत करू नका. तीन महिन्यांची फिकी म्हणून बाजूला काढलेली पिल्लं मी एकदा नुसत्या उत्सुकतेने वाढवली. त्यांत निम्म्याहून जास्त मादी निघाल्या आणि शेपटीवर सगळ्यात चांगला लाल रंग आलेला नरही त्याच बादलीतला होता.